घाटमाथ्यावरचा नारिंगी दगड

दिवाळीच्या चकल्या तळत होते तेव्हा जीनचा फोन आला. सकाळची वेळ. तळणाचा वास घरभर होऊ नये म्हणून लंडनच्या टोकाला इल्फर्डच्या आमच्या किचनची खिडकी मी सताड उघडी ठेवली होती आणि बाहेरची गार हवा सरळ पाठीवर येत होती. एका हातात सोऱ्या, फोन मानेत धरलेला. "कुंडा, लव्ह..." एवढंच म्हणून ती थांबली. जीन मला इतकी वर्षं याच हाकेनं बोलावते. नावातला 'द' तिला कधी जमला नाही आणि मीही तो दुरुस्त करायचा नाद केव्हाच सोडला. पण त्या दिवशी त्या हाकेपुढे वाक्य येईना, आणि ते न येताच मला कळलं. दादा गेला होता. माझा थोरला भाऊ, डॉक्टर मधुकर. रोज सकाळी जीनच्या टी-रूममध्ये पेपर घ्यायला यायचा, तो आला नाही म्हणून ती त्याच्या घरी गेली. तो दाराजवळच्या खुर्चीत बसला होता. बूट घातलेले, चष्मा डोळ्यांवर... जणू निघता निघता जरा टेकला होता. मी फोनवर काय बोलले ते मला आठवत नाही. कढईतला घाणा जळून कोळसा झाला, धुराचा अलार्म बोंबलायला लागला, तेव्हा माझे यजमान वरून धावत आले. माझ्याकडे एकदा बघून त्यांनी काही न विचारता गॅस बंद केला.

आदल्या रविवारीच आमचं बोलणं झालं होतं. दर रविवारी दुपारी फोन करायचा हा त्याचा नेम, आणि दोघांपैकी कोणी जास्त बोलायचं यावरून भांडायचं हा आमचा दोघांचा. त्या दिवशी मात्र तो खुशीत होता. म्हणाला, "कुंदे, भाऊबीजेला येताना यंदा ताट जरा मोठं आण."

"का रे? एवढी कसली ओवाळणी घालतोयस? बँक लुटलीस काय?"

"ते इथं आल्यावर. तू फक्त ताट मोठं आण. ते तुझं बशीएवढं तबक यंदा पुरायचं नाही."

माझं तबक बशीएवढं नाही. आईचं आहे ते, चांदीचं. पण दादाची थट्टा अशीच असायची, समोरच्याला चिडवल्याशिवाय त्याला आनंद व्यक्त करता यायचा नाही. मी त्याला दोन शब्द ऐकवले आणि फोन ठेवल्यावर हसत हसत हाय स्ट्रीटवरच्या भांड्यांच्या दुकानात जाऊन एक मोठं पितळी ताट घेऊनही आले. ते अजून कागदातच आहे.

दादा राहायचा ते ब्लेकगिल म्हणजे गाव म्हणावं की नाही असा प्रश्न पडावा, एवढंच. उत्तर इंग्लंडच्या डोंगरात, दोन उजाड टेकड्यांच्या खिंडीत, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेली पंधरावीस दगडी घरं, एक चॅपेल, एक पब, एक पेट्रोल पंप. आजूबाजूला मैलोन् मैल झाड नाही. तपकिरी गवत, दलदल, वारा, आणि वाऱ्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या मेंढ्या. "वाळूशिवायचं वाळवंट आहे हे," दादा म्हणायचा, "फक्त उंटांना इथे लोकर फुटलीय." या गावाचा इतिहास त्याला तोंडपाठ होता आणि पाहुणा आला की तो त्याला जेवणाआधी ऐकावाच लागे. पूर्वी इथून मीठ लादलेल्या घोड्यांचे तांडे जायचे. मग पक्का रस्ता झाला, टोलनाका बसला. पुढे मोटारी आल्या, तर त्या काळच्या मोटारी एवढा चढ चढून वर येईपर्यंत तापून फुसफुसायला लागत. मग कोणीतरी त्यांना पाणी पाजायला रस्त्याकडेला दगडी डोण बांधली, आणि गाडी थंड होईपर्यंत माणसांनी करायचं काय, म्हणून गावानं माणसांसाठी गमतीजमती मांडल्या. टोलनाक्याच्या अष्टकोनी घरात टी-रूम निघाली. तिथे काचेच्या पेटीत पेंढा भरलेलं दोन तोंडांचं कोकरू ठेवलं. दरीकडे तोंड करून दुर्बीण बसवली. तीत नाणं टाकलं की दोन मिनिटं धुकं जवळून दिसायचं. पेट्रोल पंपाच्या छपरावर कोणीतरी सिमेंटचा मेंढा चढवला होता, तो बैलापेक्षा मोठा होता. हे सगळं गाव, थोडक्यात, थांबलेल्या गाड्यांवर जगत आलं होतं.

आणि त्यात शेवटची भर घातली ती आमच्या दादानं. चुकून.

ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मोठमोठ्या शहरांतल्या हॉस्पिटलांतून दर सहा महिन्यांनी बिऱ्हाड हलवून दादा आणि सुमनवहिनी कंटाळले होते. ब्लेकगिलच्या म्हाताऱ्या जीपीनंतर, म्हणजे गावच्या डॉक्टरनंतर, तिथे जायला कोणी तयार नव्हतं, दादानं अर्ज केला, आणि त्याला सर्जरी मिळाली. आपल्याकडे ज्याला दवाखाना म्हणतात तो तिथे सर्जरी, आणि ती घराच्याच खालच्या दोन खोल्यांत. सामान लावायला मदत म्हणून मी आणि माझे यजमान बरोबर गेलो होतो. चौघं एका गाडीत, मांडीवर कुंड्या, पायाशी मिक्सर. वळणं घेत घेत आम्ही वर आलो, आणि अगदी माथ्यावर, धुक्यातून, रस्त्याच्या कडेला तो दिसला. कमरेएवढा उभा दगड. नखशिखांत शेंदरी.

दादानं करकचून ब्रेक मारला.

हे समजायला आमच्या वडिलांची गोष्ट सांगायला हवी. आमचे अण्णा एसटीत ड्रायव्हर होते, वाईहून वर पाचगणी-महाबळेश्वरकडे जाणाऱ्या घाटात त्यांनी जन्म काढला. घाटमाथ्यावर शेंदूर फासलेला एक दगड होता. त्याला ना देऊळ ना नाव. पण तिथे आलं की अण्णा गाडी अगदी हळू करत, स्टिअरिंगवरचा एक हात सोडून कपाळाला लावत, आणि कंडक्टर खिडकीतून नाणं टाकी. सुट्टीत दादा पुढच्या सीटवर बसून त्यांच्याबरोबर फेरीला जायचा, त्यामुळे घाट चढला की हात कपाळाशी जाणं हे त्याच्या अंगातच मुरलेलं होतं. शेंदरी दगड, घाटमाथा आणि नवं घर... एवढं सगळं एकत्र आल्यावर तो गाडी थांबवणार नाही तर तो दादा कसला! नव्या घराच्या उंबऱ्यावर फोडायचा म्हणून वहिनींनी नारळ आणला होता, तो दादानं तिथेच फोडला. वहिनींनी हळदकुंकू वाहिलं. मी हात जोडले. आमच्या ह्यांनी थंडीनं आधीच हात कोटात घातले होते, ते नाइलाजानं बाहेर काढले. एवढा दूर मुलुख, आणि आपल्या आधी इथे कोणीतरी आपलं माणूस येऊन शेंदूर लावून गेलंय, या कल्पनेनंच वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

डोणीच्या पलीकडे कौन्सिलचा ट्रक उभा होता, हे आम्हाला नंतर दिसलं. त्यातून पिवळं जॅकेट घातलेला एक जाडजूड गृहस्थ उतरून आमच्याकडे आला. त्याचं नाव रॉन, हेही नंतर कळलं. फार अदबीनं त्यानं विचारलं की सगळं ठीक आहे ना, कोणाला लागलं-बिगलं नाही ना. दादानं त्याला सांगितलं की तुमच्या या देवाला आम्ही नमस्कार करतोय. रॉननं दगडाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "तो... तो बर्फ ढकलायच्या गाडीसाठी आहे, सर. बर्फात दिसावा आणि गाडीचं पातं त्यावर आपटू नये, म्हणून दरवर्षी आम्हीच रंगवतो."

आम्ही चौघं शुंभासारखे उभे. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण दादानं क्षणभरच विचार केला आणि खोबऱ्याचा एक तुकडा रॉनच्या हातावर ठेवला. "म्हणजे वाट चुकणाऱ्याला सांभाळतो ना? मग बरोबर आहे. घ्या प्रसाद." रॉननं तो तुकडा नीट चावून खाल्ला आणि ट्रकमधल्या दोघांसाठी आणखी दोन मागून घेतले. गाडीत बसल्यावर वहिनी म्हणाल्या, "अहो, आता सोमवारी तुमच्याकडे पेशंट यायचा नाही एकही." दादा म्हणाला, "मानला तर देव, नाही तर दगड."

सोमवारी सगळे आले! काहीच होत नसलेलेसुद्धा आले, नवा डॉक्टर बघायला. दगडाची गोष्ट गावात आमच्या सामानाच्या आधी पोचली होती. पहिले काही दिवस हसू झालं, पब्लिकला तेवढाच विषय. पण त्या हिवाळ्यात बर्फात अडकलेल्या एका ट्रकवाल्याला त्या दगडाजवळच दादानं बाहेर काढलं आणि त्याचा जीव वाचला. त्यानंतर तो ट्रकवाला जाता-येता तिथे हॉर्न द्यायला लागला, त्याचं बघून दुसरे. टी-रूमची जीन म्हणजे हाडाची दुकानदार. तिनं दोन तोंडांच्या कोकराच्या पोस्टकार्डांशेजारी नारिंगी दगडाची पोस्टकार्डं ठेवली आणि दारावर पाटी लावली, 'डॉक्टरांचा दगड, शंभर पावलांवर'. दादा आधी फार ओशाळला. पण घाट ओलांडताना दगडाला हात लावून जायची तिथे चालच पडून गेली. स्वेटर घातलेल्या गोऱ्या आज्या पोरांना वर उचलून धरत आणि त्यांचे हात दगडाला लावत. माझी नेहा इल्फर्डला जन्मलेली, मराठीची तिच्या जिभेवर कायम कुस्ती. ती एकदा तिथे म्हणाली, "दादामामा, हा गॉड आपली आहे की त्यांची?" दादा म्हणाला, "रस्त्याचा आहे, बाळा."

सगळंच काही असं गोडगोड नव्हतं. एका सकाळी दगडावर काळ्या रंगानं कोणीतरी आम्हाला परत जायला सांगणारे दोन घाणेरडे शब्द लिहून ठेवले होते. मी तेव्हा तिथेच होते. वहिनी आत जाऊन बसल्या त्या दुपारपर्यंत बाहेर आल्या नाहीत. मी जाऊन पाहते तर जीन एप्रन लावून गुडघ्यांवर बसून दगड घासत होती आणि असल्या शिव्या देत होती की त्या मी अजून कोणाला सांगितलेल्या नाहीत. दादा तिच्याशेजारी बसून दुसऱ्या ब्रशनं घासत होता. नंतर हात धुऊन त्यानं नेहमीच्या वेळेला सर्जरी उघडली. त्या दोन शब्दांबद्दल आम्ही पुढे कधीच बोललो नाही.

माझं माहेर म्हणजे तो घाट. आई-अण्णा गेल्यावर वाईच्या घराला कुलूप लागलं, आणि दर भाऊबीजेला इल्फर्डहून उत्तरेची ट्रेन पकडायची हा माझा नेम झाला. डब्यात चकल्या-अनारसे, पिशवीत पाट, रुमालात गुंडाळलेलं आईचं तबक. दादा खाली स्टेशनवर घ्यायला यायचा. वर येताना माथ्यावर गाडी थांबायची, मी उतरून दगडाला हात लावायचे, नव्या रंगाचा वास यायचा आणि मनात यायचं, पोचले. बाकीच्या बायकांची माहेरं विहिरीपासून नाही तर वेशीपासून सुरू होतात, माझं एका स्नो-प्लाउच्या खुणेपासून सुरू व्हायचं. रात्री पाट मांडून औक्षण करायचे तेव्हा ओवाळणीत काय घालायचं यावरून त्याचं नाटक चालायचं. कधी स्टेथस्कोप घालायचा, कधी मला गोड कमी खायचं प्रिस्क्रिप्शन. मग वहिनी डोळे वटारायच्या आणि साडी बाहेर यायची.

मग खालच्या खोऱ्यातून नवा रस्ता झाला. रुंद, सपाट, सरळ. ज्या दिवशी तो सुरू झाला त्या दिवशी, जीन सांगते, दुपारी टी-रूमच्या बाहेर ती खुर्ची टाकून बसली तर तिला मेंढ्यांचा चरण्याचा आवाज ऐकू आला. आयुष्यात पहिल्यांदा. थांबलेल्या गाड्यांवर जगणाऱ्या गावापुढे गाडीच थांबेनाशी झाली. पहिल्यांदा पेट्रोल पंप गेला, मग पब. सिमेंटचा मेंढा छपरावरून उतरवताना फुटला. दुर्बीण गंजली. तरणी बिऱ्हाडं एकेक करून खाली खोऱ्यात गेली. जुना रस्ता आता महत्त्वाचा नाही म्हणून कौन्सिलनं तिथलं बर्फ काढणं जवळजवळ बंद केलं, आणि गाडीच येणार नाही तर खूण कशाला, म्हणून दगड रंगवणंही. रॉन तोपर्यंत निवृत्त झाला होता. त्यानं गोदामातला उरलेला रंगाचा डबा दादाच्या दारात आणून ठेवला आणि म्हणाला, "आता तुमचा तुम्ही बघा, डॉक्टर."

तेव्हापासून दादा रंगवायचा. दरवर्षी पहिल्या बर्फाआधी, म्हणजे बहुधा माझ्या येण्याच्या तोंडावर. आणि ते काम बघण्यासारखं असायचं. आधी तारेच्या ब्रशनं शेवाळ खरवडायचं, मग फडक्यानं कोरडा करायचा, मग पातळ हात, तो वाळला की जाड हात. टर्पेंटाइनचा बोळा घेऊन खालची कड अशी पुसून काढायचा की गवताच्या एका पात्याला रंग लागायचा नाही. ओघळ तर त्याला खपतच नसे. वहिनी म्हणायच्या, "पेशंटला टाके घालताना एवढं बघत नाहीत." तो म्हणायचा, "पेशंट चुकलं तर ओरडतो. हा बिचारा बोलत नाही."

वहिनी गेल्या त्या वर्षी हिवाळा लवकर आला होता. त्यांच्यानंतर दादा त्या घरात एकटा, सर्जरीही बंद झालेली, रस्त्यावर कुत्रं नाही. त्याचे गुडघे गेले, छातीत दुखायला लागलं. मी धोशाच लावला... माझ्याकडे ये. घर मोठं नाही आमचं, पण मागची बेडरूम रिकामी होती, सकाळचं ऊन तिथे येतं. मी तिथे पलंग घातला, त्याला लागतो तसा उंच, कडक गादीचा. खिडकीशी खुर्ची ठेवली. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवून घेतली. इल्फर्डमध्ये भाजी मिळते, मराठी बोलायला माणसं मिळतात, हॉस्पिटल जवळ आहे. मी सगळं सगळं सांगून पाहिलं. आणि दरवर्षी औक्षण झालं की विचारायचे, "मग? कधी येतोस?" आणि तो दरवर्षी तेच म्हणायचा, "येतो गं. पण दगड कोण रंगवणार?"

आधी मी हसण्यावारी नेलं. आमचे हे म्हणाले, "मग दगडच आणू ना इल्फर्डला. बॅक गार्डनमध्ये उभा करू, शेजाऱ्यांची गाडी आपटायची तरी थांबेल." दादा पोट धरून हसला, पण हलला नाही. मागच्या वर्षी मात्र माझा तोल गेला. तो जिने चढताना मध्येच थांबला, कठडा धरून उभा राहिला आणि मला दिसू नये म्हणून भिंतीवरचं चित्र बघण्याचं सोंग करत होता, ते मी पाहिलं होतं. मी म्हटलं, "तुला दगड मोठा की बहीण?" तो म्हणाला, "कुंदे, इथे आता कोणी थांबत नाही. पण धुक्यात एखादा चुकून वर आलाच, तर त्याला काहीतरी दिसायला हवं की नाही?" मी रागानं चकलीचा डबा आपटून बंद केला, आणि तो विषय त्या वर्षापुरता संपला.

दादाला शेवटचं भेटायला आम्ही गाडीनं गेलो. माथ्यावर आलो, तर दगड ताज्या रंगात झगमगत होता. ह्यांनी न सांगता गाडी थांबवली. मी उतरले, हात लावायला वाकले आणि मला धक्काच बसला. इतकं गबाळं काम! एका बाजूला रंगाची पुटं, एका बाजूला खालचा दगड दिसतोय, गवतावर नारिंगी शिंतोडे, आणि पुढच्या अंगाला वरपासून खालपर्यंत एक लांबलचक जाड ओघळ, पार वाळून घट्ट झालेला. माझ्या जिवाचा संताप झाला. वाटलं, डॉक्टरांची बहीण येणार म्हणून कोणीतरी घाईघाईत फासून ठेवलंय. दादानं हे पाहिलं असतं तर... आणि तिथे मला पहिल्यांदा रडू फुटलं. तोपर्यंत मी रडले नव्हते. दादा गेला यासाठी नाही, एका ओघळासाठी रडले, त्या वाऱ्यात, गाडीचं दार उघडं टाकून.

खालच्या गावात क्रिमेटोरियम होतं. मला वाटलं होतं दहापंधरा माणसं असतील, तर हॉल भरून माणसं बाहेर उभी होती. गाव सोडून गेलेले सगळे आले होते. नेहाला मराठीत चार शब्द बोलायचे होते, ती उभी राहिली आणि "माझा दादामामा खूप चांगली..." एवढं म्हणून तिला पुढे येईना. नंतर सगळे वर जीनकडे चहाला आले. काचेच्या पेटीतलं कोकरू आपल्या चार डोळ्यांनी आमच्याकडे बघत होतं. गर्दी पांगल्यावर मी जीनला म्हटलं, जरा तुटकपणेच म्हटलं, की दगड रंगवायची एवढी घाई करायला नको होती, मी आल्यावर नीट केला असता.

जीन माझ्याकडे बघतच राहिली. "घाई? लव्ह, तो मी रंगवलाय. ऑक्टोबरात. डॉक्टर होते ना समोर."

मला कळेना.

"त्यांनीच रंगवायला लावला. स्वतः घडीच्या खुर्चीत बसले, मांडीवर शाल, हातात काठी, आणि मला शिकवत होते. पातळ हात दे, थांब, वाळू दे, अगं खाली बघ किती ओघळलाय. सारखे ओरडत होते. मी म्हटलं, तुम्हीच करा मग. तर म्हणाले, नाही जीन, तुला यायला हवं. पुढच्या वर्षी मी नाहीये इथे, मी बहिणीकडे चाललोय राहायला." जीननं कप खाली ठेवला. "मी म्हटलं, कुंडाला कळवलंत का? किती खूश होईल ती. तर म्हणाले, आत्ताच सांगू नकोस. ती येईल ना त्या दिवशी, तेव्हा सांगणार. आणि हसायलाच लागले. म्हणाले, यंदा तिच्या ताटात मी स्वतःच बसणार आहे." जीननं कप पुन्हा उचलला. "मला ते काही समजलं नाही, लव्ह. कसलं ताट?"

मी तिला काय सांगणार होते? यंदाची ओवाळणी कोणती होती, ते ताट मोठं का हवं होतं... मी नुसती तिचा हात धरून बसले. तिलाही रडू यायला लागलं, कशासाठी ते न समजताच.

यंदाची भाऊबीज अशीच गेली. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका चंद्राला ओवाळतात. शेजारच्या बाईंनी मायेनंच सुचवलं, पण माझ्याकडून झालं नाही. मी मागच्या बेडरूममध्ये त्या उंच पलंगावर बसून राहिले. दादाची रक्षा घेऊन हे वाईला जाऊन आले, कृष्णेत सोडून आले. येताना घाटातून गेले होते म्हणाले. तिथला शेंदरी दगड आता दिसत नाही, रस्ता रुंद केलाय.

नाताळानंतर घर रिकामं करायला मी परत ब्लेकगिलला गेले. गॅरेजमध्ये ब्रश धुऊन टांगलेले होते, रंगाचा डबा झाकण घट्ट लावून ठेवलेला. एक सूटकेस अर्धी भरलेली होती. तिच्यात उन्हाळ्याचे शर्ट होते. इल्फर्ड म्हणजे काही मुंबई नाही, पण त्याला वाटलं असेल की ब्लेकगिलच्या मानानं तिथे उकडणारच. डबा आणि ब्रश मी जीनच्या हवाली केले. निघताना ती माझ्याबरोबर दगडापर्यंत चालत आली. बारीक बर्फ पडून गेलं होतं, सगळं पांढरं, आणि त्यात तो तेवढा नारिंगी. तिनं बोटानं तो ओघळ चाचपला आणि खजील होऊन म्हणाली, "पुढच्या ऑक्टोबरात हा आधी खरवडून काढते बघ. त्यांच्यासारखा गुळगुळीत करते."

मी म्हटलं, "बाकीचा कर. हा एवढा ओघळ मात्र काढू नकोस."